खुर्ची कुठे ठेवायची, हे कोण ठरवणार?

हुबळीचा गोकुळ रोड काही म्हाताऱ्या माणसांचा विचार करून आखलेला नाही. टोकाला विमानतळ, वाटेत वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे मुख्य कार्यालय आणि मोठे बसस्थानक, आजूबाजूला औद्योगिक वसाहत, तिच्यात किर्लोस्कर इलेक्ट्रिकसारखा जुना कारखाना. दिवसभर बस, ट्रक आणि दुचाक्यांची वर्दळ. तरीही या रस्त्यावरून आत वळून अक्षय पार्क, अक्षय कॉलनी अशा वसाहतींत शिरले की सकाळी दहानंतर गल्ल्या ज्येष्ठांच्या ताब्यात असतात. कुणी रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, कुणी महामंडळातून, कुणी बँकेतून, कुणी शाळेतून. मुले बंगळूर-पुण्याला, काही त्याहून लांब. यातली बरीच घरे आत मराठी आणि बाहेर कानडी बोलणारी. भाजीवाल्याशी घासाघीस कानडीत, नातवाला रागावणे मराठीत, आणि देवाशी बोलताना जी आधी सुचेल ती भाषा.

या माणसांविषयी घरात जे बोलले जाते ते ऐकावे. रक्तदाब किती, साखर किती, गुडघ्याचे ऑपरेशन या वर्षी की पुढच्या, मोतीबिंदू पिकला का. चौकशी प्रेमाची असते, यात शंका नाही. पण आजोबांना सध्या कशाची गोडी लागली आहे, आजी दुपारी काय करत बसतात, हे पुण्याच्या मुलाला विचारले तर तो क्षणभर गोंधळतो. औषधाच्या गोळ्यांचे रंग त्याला पाठ असतात. ‘‘आता तुम्ही काही करू नका, आरामात राहा’’ हे तर प्रत्येक घरातले ठरलेले वाक्य. त्या आरामाची व्याख्या मात्र ज्याला आराम करायचा आहे त्याने केलेली नसते. खरा घोळ तिथेच आहे.

फर्निचरपासूनच सुरुवात करू. जुन्या हुबळीतले घर विकून किंवा भावांत वाटून माणसे गोकुळ रोडच्या बाजूला नव्या बंगल्यात, फ्लॅटमध्ये येतात. सामान हलवताना पहिली गदा येते ती वेताच्या जुन्या आरामखुर्चीवर आणि साखळ्यांच्या झोपाळ्यावर. नव्या हॉलच्या रंगसंगतीत ती बसत नाही. तिच्या जागी येतो ‘एल’ आकाराचा सोफा, खोल आणि मऊ. दिसायला झकास. सत्तरीच्या माणसाला त्यातून उठायला मात्र एका हाताने टीपॉय आणि दुसऱ्या हाताने नातू धरावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हवी असते गुडघ्याइतक्या उंचीची, टणक बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. हातांवर जोर देऊन उठता येते, एवढी साधी गोष्ट आहे. सुताराने पंचवीस वर्षांपूर्वी केलेल्या खुर्चीत हे सगळे होते. शिवाय ती खुर्ची खिडकीशी असे. तिथून फाटक दिसे, दूधवाला दिसे, उजवीकडून उजेड येई आणि पेपर वाचता येई. सोफा टीव्हीकडे तोंड करून ठेवलेला असतो. म्हणजे दिवसभर काय पाहायचे हेही फर्निचरनेच ठरवले.

हा किरकोळ वाद वाटेल. तो तसा नाही, हे सांगणारा एक जुना प्रयोग आहे. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात तो केला. दोन मजले निवडले. एका मजल्यावरच्या मंडळींना सांगितले की खोलीत सामान कसे लावायचे, कुणाला भेटायचे, हे तुम्हीच ठरवा. प्रत्येकाला रोप निवडायला दिले आणि पाणी घालायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली. सिनेमा कोणत्या दिवशी पाहायचा हे त्यांनीच सांगायचे. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, सिनेमाही दाखवला, वागणूकही तितकीच गोड. फक्त रोपाला पाणी नर्स घालणार आणि सिनेमाचा वार कर्मचारी ठरवणार. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हिंडती-फिरती, अधिक तरतरीत आणि स्वतःच्या सांगण्यानुसार अधिक आनंदी होती. दीड वर्षाने त्यांच्यातले मृत्यूही कमी आढळले, असे पुढच्या लेखात म्हटले होते. त्या आकडेमोडीत चूक निघाली आणि तो दावा नंतर बराच सैल करावा लागला, हेही सांगितले पाहिजे. पण पहिला निष्कर्ष बाद झालेला नाही. दोन्ही मजल्यांवर रोपे होती. फरक पडला तो पाणी कोण घालणार याने.

गोकुळ रोडवर हाच प्रश्न फार शब्दशः उभा राहतो. गच्चीवरच्या कुंड्या हा इथल्या निवृत्तांचा आवडता उद्योग. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, मोगरा, एखादे सोनचाफ्याचे कलम, रंगाच्या रिकाम्या डब्यात पुदिना. आणि पाणी? हुबळी-धारवाडला पाणी येते ते प्रामुख्याने मलप्रभेवरच्या, सौंदत्तीजवळच्या रेणुकासागर धरणातून. 2008 साली जागतिक बँकेच्या मदतीने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या निवडक भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली आणि तिचा देशभर गाजावाजा झाला. उरलेल्या भागांनी मात्र वर्षानुवर्षे कित्येक दिवसांतून एकदा येणाऱ्या पाण्यावर संसार केला. अशा गावात नळाची वाट पाहणे हे घरातल्या ज्येष्ठांचे अघोषित काम असते. तरुण मंडळी कामावर, म्हणून नळ येईल तेव्हा घरी असायचे ते यांनीच. मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची, पिंप भरायचे, शेजारच्या बाईंना हाक मारायची. ज्या दिवशी पाणी यायचे, त्या दिवशी भजनी मंडळ नाही, देऊळ नाही, मैत्रिणीकडे जाणे नाही. ज्येष्ठांच्या छंदांविषयी बोलताना कुणी पाणीपुरवठ्याचे नाव काढत नाही. काढायला हवे. ज्या भागात चोवीस तास पाणी आहे तिथल्या आजींना आठवड्यातून मोकळे काही तास जास्त मिळतात, आणि त्यासाठी कुठलेही ‘विरंगुळा केंद्र’ बांधावे लागत नाही.

आता जेवणाकडे येऊ, कारण म्हातारपणी माणसाच्या आवडीनिवडीवर सर्वांत जास्त हुकूम तिथेच चालतो. वय वाढले की जिभेची आणि नाकाची जाणीव मंदावते; त्यात डॉक्टरने मीठ कमी करायला सांगितलेले, दात गेलेले. घरात सगळ्यांना रुचकर लागणारी भाजी आजोबांना मिळमिळीत लागते ती यामुळे, ते खुसपट काढतात म्हणून नाही. उत्तर कर्नाटकातल्या मराठी घरांना इथे एक मोठा आधार आहे, तो ब्याडगी मिरचीचा. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारातून येणारी ही सुरकुतलेली, लालभडक मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य असते. ती घालून केलेली शेंगाची चटणी जीभ जागी करते आणि पोट जाळत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरच्या आणणे, देठ काढणे, उन्हात घालणे, तेलाचा हात लावून कुटायला पाठवणे हा वर्षाचा सोहळा असतो. पाकिटातला मसाला आल्यापासून तो बऱ्याच घरांतून उठला. ‘‘कशाला एवढा खटाटोप, सगळे मिळते आता’’ असे म्हणून सुनेने सासूचे काम वाचवले खरे, पण त्याबरोबर वर्षातून पंधरा दिवस घरातला शेवटचा शब्द सासूचा असे, तोही गेला.

ज्वारीच्या भाकरीचेही तसेच. या भागात पापडासारखी पातळ, वाळवलेली कडक भाकरी गठ्ठ्यांनी विकत मिळते आणि ती बरेच दिवस टिकते. कवळी लावलेला माणूस ती खाऊ शकणार नाही, असे तरुणांना वाटते. तो खातो. आमटीत किंवा दह्यात बुडवून, मऊ होईपर्यंत थांबून. गिरमिटही तसेच खातात ही मंडळी. चुरमुरे, चिंच-गुळाचा शिजवलेला कांद्याचा मसाला, डाळ्याचे पीठ, वरून कोथिंबीर आणि शेजारी मिरची भजे. दुकानदार सांगतो की कुरकुरीत आहे तोवर खा. आजोबा बशी घेऊन पाच मिनिटे गप्पा मारतात, चुरमुरे मऊ पडू देतात आणि मग सुरू करतात. खाण्याची ही पद्धत कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात नाही, पण हुबळीतल्या कुठल्याही गिरमिटाच्या गाड्यावर संध्याकाळी ती पाहायला मिळेल. धारवाडी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून उरलेला अर्धा डबीत ठेवणारे मधुमेही तर घरोघरी आहेत. उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून धारवाडला आलेल्या ठाकूर कुटुंबाने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेल्या या पेढ्याला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. त्या अर्ध्या तुकड्याचा हिशेब ज्याचा त्याला ठेवू द्यावा. डबी लपवून ठेवणाऱ्या मुलांना बहुधा माहीत नसते की आजोबा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आख्खा पेढा खाऊन येतात.

हौस आणि नुसता वेळ घालवणे यांत फरक करायला हवा, आणि तो करताना कशिदा हे चांगले उदाहरण आहे. धारवाड भागातला ‘कसुती’ कशिदा. इरकली लुगड्याच्या पदरावर, खणाच्या चोळीवर, चंद्रकळेवर जो दिसतो तो. त्याचे चार टाके: गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. कापडावर आधी आकृती छापून घ्यायची नाही, विणीचे धागे मोजत जायचे. दोऱ्याला गाठ मारायची नाही. गवंतीत सुई एकाआड एक टाके सोडत पुढे जाते आणि परतताना मोकळ्या जागा भरत येते, त्यामुळे कापडाची सुलट आणि उलट बाजू सारखीच दिसते. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती अशी आकृती कुठून सुरू करायची आणि सुई कुठल्या वाटेने परत आणायची हे डोक्यात आधीच तयार असावे लागते. एक धागा चुकला की पुढचे सगळे तिरपे. साठ-सत्तर वर्षांच्या बाईने मोतीबिंदू काढून घेतल्यावर पुन्हा हे काम हातात घेतले, तर तिला ‘वेळ जात नाही म्हणून काहीतरी करते’ असे म्हणणे हा त्या कामाचा अपमान आहे. तिच्यापाशी जे कौशल्य आहे ते घरातल्या तिघा इंजिनिअरांपाशी नाही. तिला लागते काय? चांगला दिवा, टणक पाठीची खुर्ची, धागे मोजताना कुणी हाक न मारणे, आणि झालेले काम पाहून ‘छान’ यापेक्षा चार शब्द जास्त बोलणारे कुणीतरी.

शेवटच्या गोष्टीची टंचाई सर्वांत मोठी. हौसेला दाद देणारा हवा असतो, चुका काढणारा हवा असतो. गाण्याच्या बाबतीत हुबळी-धारवाडने हे फार पूर्वी ओळखले होते.

गंगूबाई हनगल यांचे घर हुबळीच्या देशपांडे नगरात. तरुणपणी त्या सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला जात. जन्म 1913 चा. 2002 मध्ये पद्मविभूषण मिळाले, पुढे कर्करोगाशी झुंज झाली, आणि 2006 मध्ये, 93 वर्षांच्या असताना, त्या पुन्हा लोकांसमोर गायला बसल्या. 2009 साली हुबळीतच गेल्या. धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर 1992 मध्ये जाईपर्यंत गात राहिले. गाणे, पूजा आणि बिडी या तीन गोष्टींत त्यांनी कुणाचे ऐकले नाही, आणि तिसरीची किंमतही मोजली. द. रा. बेंद्रे यांचे उदाहरण मराठी वाचकाला जास्त जवळचे वाटावे, कारण कन्नडच्या या महाकवीची घरची भाषा मराठी. सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजातली नोकरी 1956 मध्ये, साठाव्या वर्षी संपली. मग धारवाड आकाशवाणीचे सल्लागारपद. ‘नाकु तंती’ हा संग्रह त्यानंतर, 1964 मध्ये आला. त्याला ज्ञानपीठ मिळाले 1973 साली. उतारवयात बेंद्र्यांना आकड्यांचे वेड लागले. भेटायला आलेल्याशी ते कवितेऐवजी संख्यांवर बोलत आणि पाहुणे अवघडून जात. कवी म्हणून आलेल्या कीर्तीने त्यांच्यावर बंधन घातले नाही, त्यांनी घालू दिले नाही. त्याच धारवाडात कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवून घरी येणारे जी. ए. कुलकर्णी कथा लिहीत आणि हौसेने चित्रेही काढत. ती प्रदर्शनात मांडण्यासाठी काढलेली नव्हती.

‘‘ही थोर माणसे, आमच्या घरात कुठले गंगूबाई आणि बेंद्रे’’ हा आक्षेप रास्त आहे. मग कमलाबाई ओगले यांचे उदाहरण घ्यावे. जन्म 1913 चा, गंगूबाईंच्याच वर्षीचा. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या, शाळा चौथीपर्यंत. आयुष्य घर आणि स्वयंपाक यांत गेले. ‘रुचिरा’ 1970 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या आसपास होते, म्हणजे आज ज्या वयात सरकारी नोकर निवृत्तीचे कागद जमवायला लागतो ते. वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि दोन पिढ्यांच्या मुली त्यावर स्वयंपाक शिकल्या. गोकुळ रोडवरच्या किती घरांत तेलकट डागांची, पाने सुटलेली ‘रुचिरा’ असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही. सगळ्यांनी पुस्तक लिहावे असे मुळीच नाही. पण घरातल्या बाईची हातची गोष्ट कुणीतरी गंभीरपणे घेतली आणि ‘लिहून काढा’ म्हणाले, तर काय होऊ शकते हे त्यातून दिसते.

बाईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती सरळ सांगितली पाहिजे. पुरुष निवृत्त होतो, त्याची बायको होत नाही. आजोबा सकाळी तोळणकेरेच्या तळ्याला फेरी मारून येतात, नाश्ता करतात, पेपर वाचतात, शब्दकोडे सोडवतात आणि अकराला चहा मागतात. तो चहा करणारी व्यक्तीही अडुसष्ट वर्षांची असते. मुलीचे बाळंतपण, सुनेची नोकरी, नातवंडांची शाळा या निमित्ताने बंगळूर-पुण्याला सहा-सहा महिने जाऊन राहावे लागते तेही प्रामुख्याने तिलाच. नातवंडांची ओढ खरी असते, पण दहाव्या मजल्यावरच्या त्या घरात तिचा पाटा नाही, भजनाच्या मैत्रिणी नाहीत, कानडी ऐकू येत नाही आणि ओळखीचा गिरणीवाला नाही. ज्येष्ठांच्या छंदांचे कोडकौतुक करणारे बहुतेक लेख आजोबांविषयी असतात. आजींच्या छंदाला आधी स्वयंपाकघरातून दोन तासांची सुटी लागते, आणि ती आजोबाच देऊ शकतात. दुपारचा चहा त्यांनी करायला घ्यावा. साखर कुठे असते तेही कळेल.

टीव्ही आणि मोबाइल यांना सरसकट नावे ठेवायची फॅशन आहे. तीत सामील व्हायचे कारण नाही. धारवाड आकाशवाणी 8 जानेवारी 1950 ला सुरू झाली तेव्हाही रेडिओ ऐकत बसणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणणारे असतीलच. त्याच रेडिओने या भागातल्या दोन-तीन पिढ्यांचे कान तयार केले. आज तेच गाणे यूट्यूबवर आहे. कर्नाटकातल्या घरात बसून बालगंधर्वांचे पद ऐकावे, मराठी कीर्तन लावावे, दिवाळी अंकाची जाहिरात पाहून अंक मागवावा, हे सगळे मोबाइलमुळे सोपे झाले. ज्यांच्या आसपास मराठी पुस्तकांचे दुकान नाही, त्यांच्यासाठी ही चैन नाही, गरज आहे. फरक एवढाच की गाणे लावून ऐकणे आणि अंगठ्याने चित्रे सरकवत राहणे यांत पहिल्यात माणूस काहीतरी निवडतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2003 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 75 वर्षांवरच्या 469 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणे, नाच यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. अर्थात छंदामुळे मेंदू शाबूत राहिला की मेंदू शाबूत म्हणून छंद टिकला, हे अशा अभ्यासातून पुरते सिद्ध होत नाही. म्हणून हार्मोनियम औषध म्हणून वाजवू नये. आवडते म्हणून वाजवावी. शेजाऱ्यांची हरकत नसेल तर.

घराबाहेर मात्र नुसत्या घरच्यांच्या समजूतदारपणाने भागत नाही. जुन्या हुबळीत घरापुढे कट्टा असे. त्यावर बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती आणि चहाही मागवावा लागत नव्हता. नव्या वसाहतींत कट्ट्याच्या जागी कंपाउंडची भिंत आणि तिच्यावर काचा आल्या. आता बसायचे तर तळ्याकाठी, नृपतुंग बेट्टावर, उणकल तळ्याच्या बागेत किंवा ग्लास हाउसपाशी. या जागा चांगल्या आहेत, स्मार्ट सिटीच्या पैशातून तोळणकेरेचे रूपही पालटले. पण तिथे पोचायचे कसे? गोकुळ रोड ओलांडणे हे सत्तरीच्या माणसासाठी साहस आहे. आणि पोचल्यावर स्वच्छतागृह नसेल, असले तरी कुलूप असेल, तर प्रोस्टेटचा त्रास असलेला माणूस घरातून निघतच नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही. ‘कंटाळा आला’ म्हणतात.

प्रवासाची हौस हा तर वेगळाच विषय. कर्नाटक सरकारने 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या बायकांना राज्याच्या हद्दीत साध्या बसचा प्रवास मोफत केला. तिची टिंगल खूप झाली, तिजोरीवरच्या भाराची चर्चाही झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण सौंदत्तीच्या यल्लम्माला, सिद्धारूढ मठात, धारवाडच्या बहिणीकडे मनात आले की निघणारी आजी या योजनेने घडवली, हे नाकारता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला तिकिटासाठी कुणाकडे पैसे मागावे लागले नाहीत. महाराष्ट्राने 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या सर्वांना एसटी मोफत केली, तिथेही हेच झाले. याच्या नेमके उलट वागणे रेल्वेचे. 60 वर्षांवरच्या पुरुषांना 40 टक्के आणि 58 वर्षांवरच्या स्त्रियांना 50 टक्के सवलत होती. ती करोनाच्या काळात, 20 मार्च 2020 ला बंद झाली आणि साथ ओसरली तरी परत आली नाही. हुबळी हे नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय. 1507 मीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब म्हणून नोंदलेला फलाट याच स्थानकावर 2023 मध्ये झाला. सप्टेंबर 2024 पासून बेळगाव-मिरजेवरून पुण्याला वंदे भारत जाते. ज्या माणसांनी या रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढले त्यांच्या शेजाऱ्यांना, बहिणींना, व्याह्यांना त्या फलाटावरून पूर्ण भाड्याने जावे लागते. फलाट लांब झाल्याने चालणे तेवढे वाढले.

पैशाचा मुद्दा आलाच आहे, तर गोकुळ रोडच्या आतल्या बंगल्यांपलीकडे पाहायला हवे. निवृत्तिवेतन असलेल्याची हौस आणि नसलेल्याची हौस एक नाही. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाच्या गरीब माणसासाठी महिन्याला 200 रुपये इतका आहे. कर्नाटकाची संध्या सुरक्षा योजना 65 वर्षांवरच्यांना 1200 रुपये देते. त्यात औषध, किराणा आणि मग उरले तर तंबाखू. बांधकामावर राबलेल्या, घरकामात हात झिजलेल्या माणसाला कशाची आवड आहे हे विचारायला कुणी जात नाही. त्याच्याही गल्लीत हलगी वाजवणारे, भजनात टाळ धरणारे, श्रीकृष्ण पारिजाताची गाणी पाठ असलेले म्हातारे असतात. त्यांना सावलीची जागा आणि संध्याकाळी दिवा एवढे मिळाले तरी पुष्कळ.

संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या 2023 च्या अहवालानुसार देशात साठीवरच्यांचे प्रमाण 2022 मध्ये 10.5 टक्के होते. 2050 पर्यंत ते 20.8 टक्के होईल. म्हणजे आज गोकुळ रोडवर दुचाकी हाकणारे पस्तिशीतले तरुणच तेव्हा तो ओलांडायला उभे असतील. हुबळी-धारवाड महापालिकेने अंदाजपत्रकात यासाठी वेगळे शीर्षक काढायची गरज नाही. तळ्यांच्या आणि बागांच्या वाटेवर दर शे-दोनशे मीटरला पाठ टेकता येईल असा हात असलेला बाक, दिवसभर उघडे राहणारे स्वच्छतागृह, गोकुळ रोडवर बसस्थानकापाशी आणि अक्षय पार्कपाशी सावकाश चालणाऱ्याला पुरेल इतका वेळ देणारा सिग्नल, आणि पाणी कोणत्या वेळी सुटणार याची आदल्या दिवशी खरी ठरणारी सूचना, एवढ्या चार गोष्टी आधी कराव्यात. रेल्वेच्या सवलतीसाठी धारवाडच्या खासदारांना पत्र लिहिता येईल. निवृत्त माणसांना वेळ असतो आणि अक्षर चांगले असते. दर आठवड्याला एक पत्र जायला काही हरकत नाही.